तीन तासांचं मोजमाप

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्र नावाचं एक प्रचंड सावलीचं घड्याळ आहे. उंची सुमारे २७ मीटर. स्वच्छ उन्हात त्याच्या तिरप्या भिंतीची सावली वक्र पट्टीवरून सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते, मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर. १७२७ साली जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांनी अशी यंत्रं का बांधली, याची कारणं त्यांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सापडतात. आधीची पितळी यंत्रं आकारानं लहान होती. त्यांचे आस झिजायचे, अंशांच्या खुणा हव्या तेवढ्या बारीक करता यायच्या नाहीत आणि वेध चुकायचा. आकाशातलं गणित जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी ग्रहताऱ्यांना दोष दिला नाही. त्यांनी मोजण्याचं साधन तपासलं, ते अपुरं आहे हे मान्य केलं आणि दगड-चुन्याची मोठी, स्थिर यंत्रं उभी केली.

या कामात त्यांच्यासोबत जगन्नाथ सम्राट नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. वेदशास्त्रात मुरलेल्या या माणसानं अरबी आणि फारसी आत्मसात केली. अरबीतून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावानं संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या खगोलग्रंथावरून ‘सम्राट सिद्धान्त’ रचला. परक्या लिपीतलं, परक्या विचारातलं ज्ञान आपलंसं करायला वर्षं द्यावी लागतात. अडावं लागतं, चुकावं लागतं, पुन्हा पहिल्या पानावर यावं लागतं. शिकणं म्हणतात ते हेच. जयपूरच्या पायाभरणीत हे शिकणं आहे आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे, ही गोष्ट मला या पुस्तकाच्या दाराशीच सांगावीशी वाटली.

कारण याच शहरात, जंतरमंतरापासून दक्षिणेला काही किलोमीटरवर, गोपालपुरा बायपास नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासच्या इमारती आणि त्यांच्या माथ्यावर हसऱ्या मुलामुलींचे मोठे फोटो. प्रत्येक फोटोखाली नाव छोटं आणि रँकचा आकडा मोठा. मागच्या गल्ल्यांत पीजी, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि ‘लायब्ररी’. या लायब्ररीत पुस्तकं नसतात. दिवसाच्या ठरावीक तासांसाठी महिन्याच्या भाड्यानं एक खुर्ची, एक टेबल आणि चार्जिंगचा एक पॉइंट मिळतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत आपण तिला अभ्यासिका म्हणतो. गोपालपुऱ्यातल्या या लायब्ररींत रात्री अकरा वाजताही ट्यूबलाइटी चालू असतात आणि आत माना खाली घातलेली पन्नास-साठ मुलं बसलेली असतात. कुणी वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचं, कुणी पटवारीचं, कुणी शिक्षकभरतीचं, कुणी आरएएसचं, म्हणजे राज्य प्रशासकीय सेवेचं. वयं सोळापासून तिशीपर्यंत. राज्य गृहनिर्माण मंडळानं शहराच्या प्रताप नगर भागात खास कोचिंग हब उभारलं आहे, यावरून हा व्यवहार किती मोठा झाला आहे ते कळतं.

विद्यार्थ्यांवरचा ताण म्हटलं, की सगळ्यांना राजस्थानातलंच कोटा हे कोचिंगचं शहर आठवतं. ते स्वाभाविक आहे. पण कोट्याकडे बोट दाखवून बाकीच्यांनी निर्धास्त व्हावं अशी परिस्थिती नाही. जयपूर ही राजधानी आहे, इथे विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, न्यायालय आणि सरकारी कचेऱ्या आहेत. म्हणून खेड्यातल्या मुलाच्या डोळ्यांपुढे नोकरीचं जे स्वप्न असतं ते याच शहराच्या रूपात असतं. करौली, दौसा, झुंझुनू, सवाई माधोपूर अशा जिल्ह्यांतून मुलं इथे येतात. कोट्यातली धाव दोन-तीन वर्षांत एका निकालाशी थांबते. जयपुरातली धाव कित्येकदा दहा-दहा वर्षं चालते. एक भरती हुकली की दुसरी, दुसरी रद्द झाली की तिसरी. तरुणपणाची सगळी वर्षं ‘तयारी चालू आहे’ या तीन शब्दांत संपतात.

मी जयपुरात राहत असताना आमच्या शेजारच्या पीजीत करौलीकडची एक मुलगी होती. दुसऱ्यांदा नीट देत होती. संध्याकाळी कधी आमच्याकडे चहाला यायची. एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं, की घरून फोन आला की ती आधी टेस्टमधली रँक सांगते आणि रँक चांगली असेल तरच तब्येतीचं सांगते. रँक घसरलेली असताना ताप आल्याचं सांगितलं तर ते निमित्त वाटेल, अशी तिला भीती होती. तिच्या घरचे दुष्ट नव्हते. आठवड्याला तुपाचा डबा पाठवत होते. पण आजारी पडण्याचा हक्कसुद्धा गुणांनी मिळवावा लागतो, अशी समजूत एका अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात कशी तयार झाली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. हे पुस्तक त्या प्रश्नाच्या पाठीमागे गेलेल्या अनेकांनी मिळून लिहिलं आहे.

उत्तराची सुरुवात साध्या भागाकारापासून करू. २०२५ साली राजस्थानात चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे शिपायाच्या कामाच्या ५३,७४९ जागा निघाल्या. पात्रता दहावी उत्तीर्ण. अर्ज आले २४ लाख ७६ हजार. एका जागेमागे ४६ अर्ज, आणि अर्ज करणाऱ्यांत पदवीधरही होते, पदव्युत्तरही होते. त्याच वर्षी देशभरात २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. एमबीबीएसच्या एकूण जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांत, जिथली फी बहुतेक घरांना परवडत नाही.

या आकड्यांकडे नीट पाहावं. शिपायाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या ४६ जणांनी अगदी सारखाच, अगदी मनापासून अभ्यास केला, तरी ४५ जणांना नकार मिळणारच आहे. तो नकार परीक्षेच्या दिवशी ठरत नाही. जागा जाहीर होतात त्याच दिवशी तो ठरलेला असतो. कोण नाकारला जाणार एवढंच परीक्षा ठरवते. पण घरात मात्र तो निकाल वेगळ्या भाषेत पोहोचतो. ‘जागा कमी होत्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘तू कमी पडलास’ असं म्हटलं जातं, आणि ते कुणी म्हटलं नाही तरी मुलाला ऐकू येतं. समाजाच्या नियोजनातली तूट एकेका मुलाच्या खात्यावर अशी मांडली जाते. शैक्षणिक ताणाविषयी मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. पुढची पानं वाचताना वाचकांनी एवढं एक सूत्र हाताशी ठेवलं तरी पुष्कळ.

आता मोजण्याचं साधन पाहू. नीटची प्रश्नपत्रिका १८० प्रश्नांची, वेळ १८० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एका मिनिटात प्रश्न वाचायचा, समजायचा, सोडवायचा आणि गोल काळा करायचा. अशा परीक्षेत एका गुणाच्या फरकानं हजारो मुलं मागेपुढे होतात. २०२४ च्या नीटमध्ये सुरुवातीला ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले. वाढीव गुणांचा वाद झाला, काहींची फेरपरीक्षा झाली. पुढे भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर, असं तज्ज्ञांच्या मतानुसार सर्वोच्च न्यायालयात ठरलं, आणि जुलैच्या अखेरीस सुधारित यादीत पहिल्या क्रमांकावर १७ जणच उरले. लाखो मुलांच्या रँक हलल्या. त्या सात-आठ आठवड्यांत एकाही मुलाचं ज्ञान वाढलं नव्हतं की घटलं नव्हतं. बदललं होतं ते मोजमाप. तीन तासांची परीक्षा जागा वाटण्यासाठी वापरावी लागते हे मान्य आहे, मोठ्या देशात वाटपाला काहीतरी नियम हवा. पण तिनं दिलेला आकडा म्हणजे त्या मुलाची किंमत, हे कुठल्याही शास्त्राला धरून नाही. जयसिंहांनी पितळी यंत्राची मर्यादा ओळखली होती. आपण त्याहून लहान यंत्रावर त्याहून मोठी गोष्ट मोजायला निघालो आहोत.

त्यातही यंत्र प्रामाणिक असावं एवढी तरी अपेक्षा मुलं ठेवतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षकपदासाठीची रीट परीक्षा झाली. लाखो उमेदवार रेल्वे आणि बसनं परीक्षेच्या गावांना गेले आणि कॉपी रोखण्यासाठी अनेक जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं. एवढं करून प्रश्नपत्रिका फुटली, आणि तपासात निघालं ते असं, की ती जयपूरमधल्या शिक्षा संकुलातल्या कोठीतूनच बाहेर गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी याकडे परक्याचं दुखणं म्हणून पाहू नये. २०२४ च्या नीट प्रकरणाचा तपास आपल्या लातूरपर्यंत आला आणि तिथे अटका झाल्या. पेपरफुटीची चर्चा गुन्हेगार आणि शिक्षा यांच्यापुरती होते. पण जो मुलगा तीन वर्षं एका खुर्चीवर बसून तयारी करतो आणि पेपर दिल्यावर तो रद्द झाल्याचं मोबाइलवर वाचतो, त्याच्या मनाचं काय होतं याची नोंद कुठल्याच आरोपपत्रात नसते. मेहनत आणि फळ यांचा संबंध असतो, हा विश्वास माणसाला सकाळी अंथरुणातून उठवतो. तो तुटला की उठणंच जड होतं.

शरीर हे सगळं सोसत असतं आणि बोलतही असतं. ते आपल्याला ऐकू येत नाही, कारण आपण ते ‘आळस’ किंवा ‘नाटकं’ या नावानं ओळखतो. परीक्षेच्या आधी छातीत धडधडणं, हात गार पडणं हा साधा ताण आहे. तो परीक्षा संपली की उतरतो आणि थोडा असेल तर कामालाही येतो. पण महिनोन् महिने शरीर धोक्याच्या पवित्र्यात राहिलं, की गोष्ट वेगळी होते. सतत पोट दुखतं, डोकं जड राहतं, केस गळतात, मुलींची पाळी अनियमित होते. तपासण्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मूल आणखी एकटं पडतं. किशोरवयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे पाच तास झोपणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. दिवसभरात वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, हे विज्ञानानं पुरेसं स्पष्ट केलेलं असताना झोपेवरच आपण कुऱ्हाड चालवतो. मग मूल चार तास पुस्तकासमोर बसतं, काही लक्षात राहत नाही म्हणून आणखी दोन तास बसतं, आणि हे चक्र त्याला गिळत जातं.

यापुढची पायरी ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं आहे. दोन-दोन आठवडे कशातच रस न वाटणं, आवडतं गाणं किंवा क्रिकेटही नकोसं होणं, जेवण आणि झोप बदलणं, मित्रांपासून तुटणं, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं पुन्हा पुन्हा म्हणणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं. यातलं काही दिसलं तर उपदेश नको, सोबत हवी आणि डॉक्टरांची मदत हवी. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला दार उघडतं, असं या क्षेत्रात काम करणारे तज्ज्ञ सांगतात. नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो, हे वाक्य घराघरात ‘मलेरिया बरा होतो’ या वाक्याइतकं साधेपणानं उच्चारलं गेलं पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२३ साली देशात १३,८९२ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक नोंद कुठे? महाराष्ट्रात, २,०४६. राजस्थान या यादीत बराच खाली आहे. प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणं एकत्र गुंतलेली असतात. घरातला कलह, पैसा, जात, प्रेम, आजार, एकटेपण. सगळ्याला ‘अभ्यासाचा ताण’ असं एकच नाव देणं चुकीचं ठरेल. तरीही हा आकडा मराठी वाचकाला झोप लागू देणारा नाही. आपल्याला कोटा दूर वाटतं, जयपूर दूर वाटतं. आपल्या लातुरात, नांदेडात, संभाजीनगरात, पुण्यात काय चाललं आहे ते विचारायची वेळ केव्हाच आली आहे.

मुळात शाळकरी मुलावर निकाल लावण्याची सवय आपल्या भाषेतच खोल रुजलेली आहे. मराठीत अभ्यासात मागे असलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजवर हे अक्षर फारसं बदललं नाही, म्हणून कधीच न सुधारणाऱ्या मुलाला ते लावतात, असं यामागचं स्पष्टीकरण सांगितलं जातं. एका अक्षरात आपण मुलाचा कायमचा निकाल लावून मोकळे होतो. जो पुढे असतो त्याला ‘हुशार’ हा शिक्का. तोही कमी जड नसतो, कारण तो रोज टिकवावा लागतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून ‘मॅट्रिक पास’ आणि ‘मॅट्रिक नापास’ या दोन शब्दांनी मराठी घरांतली लग्नं, नोकऱ्या आणि मानपान ठरत आले. विद्यापीठात जाण्याची चाळणी म्हणून आलेली परीक्षा हळूहळू माणूस मोजण्याचं माप बनली. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि त्यात शेती, आरोग्य असं जगण्याला उपयोगी पडणारं शिकवा, अशी मागणी केली. शिक्षण वरच्या काही जणांसाठी न राहता सगळ्यांच्या आयुष्याला भिडावं, हा त्यांचा आग्रह होता. ती मागणी तेव्हाच मान्य झाली असती तर कदाचित गोपालपुऱ्यातल्या खुर्च्या आज इतक्या भरल्या नसत्या.

स्वातंत्र्यानंतरही जाणत्यांनी सांगून ठेवलं आहे. १९८९ साली लेखक आर. के. नारायण राज्यसभेत आपलं पहिलं भाषण करायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय काढला. पुढे वैज्ञानिक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिनं ‘ओझ्याविना शिक्षण’ या अर्थाचं नाव असलेला अहवाल दिला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचं ओझं अधिक घातक आहे, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. तीस वर्षांनी तो आणखी खरा झाला आहे. पुस्तकं मोबाइलमध्ये गेल्यामुळे पाठीवरचं ओझं थोडं हलकं झालं. न कळताच पुढे जाण्याचं ओझं मात्र सहावी-सातवीच्या ‘फाउंडेशन बॅच’पर्यंत खाली उतरलं.

कोचिंगच्या बोलीत यासाठी ‘बॅकलॉग’ हा शब्द आहे. एक प्रकरण समजलं नाही, तोवर शिक्षक तिसऱ्यावर गेलेले असतात. दर दोन आठवड्यांनी टेस्ट, टेस्टनंतर बॅच बदलते, वरची मुलं वरच्या बॅचला, तिथे चांगले शिक्षक. मागे पडलेल्याला अधिक मदत लागते तिथे ती कमी होते. शाळा नावापुरती. हजेरी लावायची नाही, फक्त नाव नोंदवायचं, त्याला ‘डमी’ म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं अशा २१ शाळांची मान्यता काढली, त्यांतल्या पाच राजस्थानातल्या होत्या. डमी शाळेत मूल काय गमावतं याचा विचार करू. भाषेचा तास गमावतं, मैदान गमावतं, स्नेहसंमेलन गमावतं, आणि सर्वांत मोठं म्हणजे स्पर्धक नसलेले मित्र गमावतं. आयुष्यात पुढे जे दिवस आठवून माणूस तरतो, ते दिवसच वजा होतात.

पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून हा प्रश्न सुटणार नाही. ज्यानं पाऊस, भाव आणि कर्ज यांत आयुष्य काढलं, त्या शेतकऱ्याला मुलानं पगाराची नोकरी धरावी असं वाटणं हे प्रेमच आहे. दोन एकर विकून फी भरलेला बाप रात्री फोनवर ‘टेस्टचं काय झालं?’ विचारतो, तेव्हा तो स्वतःच्या भीतीला विचारत असतो. मुलालाही ते कळतं, म्हणून तो खोटं सांगतो. मुलींच्या बाबतीत घड्याळ आणखी वेगानं चालतं. भावाला तीन प्रयत्न मिळतात, तिला एक. त्यात आलं तर डॉक्टर, नाही तर स्थळ. आणि ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी वरच्या शिक्षणाला गेलं आहे, त्या दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुलाला तर सगळ्या वस्तीचं स्वप्न एकट्याच्या खांद्यावर न्यावं लागतं. शिवाय त्याच्या यशावर संशय घेणारी बोलणी ऐकावी लागतात. ताण सगळ्यांना आहे, पण सारखा वाटलेला नाही.

२०२४ पासून शासन आणि न्यायालयं हलली आहेत, हे नोंदवलं पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये राजस्थान विधानसभेत कोचिंग केंद्रांच्या नियंत्रणाचं विधेयक आलं. त्या मसुद्यात ही वयाची अट नव्हती आणि त्यावर टीका झाली. चिकित्सा समितीकडून परत येऊन सप्टेंबरमध्ये ते मंजूर झालं. नोंदणीची सक्ती, समुपदेशनाची सोय, मधेच क्लास सोडणाऱ्याला उरलेली फी परत, अशा तरतुदी त्यात आहेत. फी परत मिळणं ही हिशोबाची बाब वाटते, पण ती मनाच्या आरोग्याची तरतूद आहे. पैसे अडकलेत म्हणून नको असलेल्या वाटेवर चालत राहणाऱ्या मुलाला त्यामुळे परत फिरता येतं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठानं मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

हे सगळं स्वागतार्ह आहे आणि अपुरं आहे. समुपदेशकाची खोली उघडली, पण दारावर जाणाऱ्याकडे सगळे बघत असतील तर तिथे कुणी जाणार नाही. आणि समुपदेशकानं मनाला कितीही धीर दिला, तरी ४६ मधल्या ४५ जणांसाठी सन्मानाचं काम निर्माण करणं त्याच्या हातात नाही. ते राज्यकर्त्यांचं काम आहे. जिल्ह्याच्या गावी चांगलं सरकारी महाविद्यालय असावं. आयटीआय, नर्सिंग, शेती, कारागिरी यांना पगार आणि मान दोन्ही असावेत. भरती वेळेवर व्हावी आणि पेपर फुटू नये. मुलांच्या झोपेवर याचा परिणाम कुठल्याही योगवर्गापेक्षा जास्त होईल.

या पुस्तकात विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेलं आहे, मेस चालवणाऱ्यांनी सांगितलेलं आहे, शिक्षकांच्या कबुल्या आहेत, मनोविकारतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. काही लेख एकमेकांशी भांडतात. कोचिंगमुळेच आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलीला इंजिनिअर होता आलं, असं सांगणारा लेख यात आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे, कारण तेही खरं आहे. यश मिळालेल्यांचंही म्हणणं नीट ऐकावं. त्यांतल्या पुष्कळ जणांनी लिहिलं आहे, की पुन्हा ती वर्षं जगायला सांगितलं तर ते नाही म्हणतील. जिंकलेल्यांनाही नको वाटणारी वाट आपण मुलांना एकमेव वाट म्हणून दाखवत आहोत.

वाचकांना माझं एक मागणं आहे. हे पुस्तक वाचून झालं, की आपल्या घरातल्या, शेजारच्या किंवा दूर शिकायला गेलेल्या एका मुलाशी बोला. गुण विचारू नका, अभ्यास विचारू नका. झोप लागते का, जेवतेस का, कुणाशी बोलतोस का, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ‘काहीही झालं तरी घरी ये, दार उघडं आहे’ हे वाक्य निकालाच्या दिवसाची वाट न पाहता आजच सांगा. मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल आणि मन फार जड झालं असेल, तर एकट्यानं सोसू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.